गबाळ्याचे पणजोबा काय खायचे?

माझी आत्या बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघते. समोरचा माणूस बोलायला लागला की तिची नजर हळूच खाली सरकते आणि ओठांच्या आत काय चाललंय याचा अंदाज घेत राहते. नवख्याला फार अवघडल्यासारखं होतं. आम्हा घरच्यांना सवय झाली आहे. तिचा धंदाच तो आहे. ती कवळ्या बनवते.

दंतवैद्य त्यांच्या पेशंटच्या हिरड्यांचे ठसे तिच्याकडे पाठवतात. ती त्यात प्लास्टर ओतून जबडा काढते, त्यावर मेण लावून एकेक दात बसवते, घासते, चमकवते आणि डबीत घालून परत पाठवते. काही पेशंट कवळी न्यायला स्वतःच येतात. हे काम ती लग्नानंतर तिच्या यजमानांकडून, म्हणजे आमच्या काकांकडून शिकली. काका दातांच्या बाबतीत चोख होते, माणसांच्या बाबतीत थोडे तुसडे. ते गेल्यावर सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता ही दुकान आवरणार. पण काकांनी अर्धवट ठेवलेली एका शिक्षकाची कवळी टेबलावर पडून होती. आत्या म्हणाली, "तो बिचारा वर्गात तोंडावर हात ठेवून शिकवत असेल," आणि कामाला बसली. त्या कामावरून ती उठलीच नाही असं म्हटलं तरी चालेल.

खाली तिची कामाची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. नोकरीसाठी या शहरात आले तेव्हापासून मी तिच्याकडेच राहते. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिचा स्वभाव एका गोष्टीवरून कळेल. आमच्या नळातून मधूनच कण्हल्यासारखा आवाज यायचा. मी म्हटलं, जुना नळ आहे, येणारच. पण आत्याच्या डोक्यात प्रश्न शिरला की तो बाहेर काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आवाजाचा माग काढत काढत ती जिन्यात जाऊन शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावून उभी राहिली. शेजारीण दार उघडून बाहेर आली, तर हिने तिलाच "श्श, जरा थांबा" म्हणून गप्प केलं.

अशा बाईकडे गबाळ्या आला.

गबाळ्या आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या आजोबांचा कुत्रा. आजोबांचे गुडघे गेले, त्यांनी भट्टी बंद केली आणि लेकीकडे राहायला निघाले. जावयाला कुत्र्याचा केस नुसता दिसला तरी शिंका यायच्या. आजोबा आत्याकडे आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि ती नुसती फिरवत राहिले. शेवटी आत्याच म्हणाली, "ठेवून जा हो. काय खातो?"

"काही खास नाही. जे उरेल ते."

बेकरीत उरणार ते काय? पाव, करपलेली बिस्किटं, केकच्या कापलेल्या कडा. गबाळ्या त्यावरच वाढला होता. अंगाने पिंपासारखा, केसांची सगळीकडून जटाधारी दाढी झालेली, आणि रंग? रंग तपकिरी असावा असं आम्हाला पहिल्या अंघोळीनंतर कळलं. तोवर आम्ही त्याला करडा समजत होतो. ते पीठ होतं.

तो स्वभावाने गरीब होता, पण दिवसभर खाजवायचा. कानामागे, पोटाला, शेपटीच्या बुडाशी. खाजवता खाजवता दमून झोपायचा आणि झोपेतही पाय हलवायचा. आत्या त्याला बागेत फिरवायला नेऊ लागली, कारण जिना चढला की तो वरच्या पायरीवर पसरायचा आणि त्याला ओलांडून जावं लागायचं.

बागेत जाकीटवाले भेटले. त्यांचं खरं नाव आत्याला पुढे कळलं असेल, पण आमच्या घरात ते जाकीटवालेच. कारण ते बाराही महिने एक खिशांचं जाकीट घालायचे आणि त्यातल्या कुठल्या ना कुठल्या खिशात सुकवलेल्या मांसाचे तुकडे असायचे. ते त्यांच्या राणीसाठी. राणी म्हणजे उंच, करडी, चालताना पायाखाली गालिचा अंथरलेला आहे असं वाटावं अशी कुत्री. तिच्या शेजारी गबाळ्या म्हणजे पायपुसणं.

"काय घालता याला?" जाकीटवाल्यांनी विचारलं.

"पाव, दूध, आमच्यातलं काही उरलं तर ते."

जाकीटवाल्यांनी डोळे मिटले. वाईट बातमी ऐकल्यावर माणसं मिटतात तसे. "ताई, हा लांडगा आहे."

आत्याने गबाळ्याकडे पाहिलं. तो त्या क्षणी एका फुलपाखराला बिचकून तिच्या मागे लपला होता.

"दिसण्यावर जाऊ नका," जाकीटवाले म्हणाले. "आतून लांडगा. पोट लांडग्याचं, दात लांडग्याचे. लांडग्याला कुणी पाव भाजून दिला होता का? कच्चं मांस आणि हाडं. राणी दुसरं काही तोंडात धरत नाही. बघा तिच्याकडे."

राणीकडे बघण्यासारखं होतंच. आत्याने बोलणाऱ्याच्या तोंडाकडेही बघून घेतलं होतं. घरी येताना मला म्हणाली, "वरची कवळी सैल आहे त्यांची. 'स' म्हणताना शीळ वाजते. कुणी केली कोण जाणे." आणि मग दोन गल्ल्या गबाळ्याच्या तोंडाकडे बघत चालली. मला कळलं की प्रश्न शिरला.

घरी आल्या आल्या तिने गबाळ्याला कामाच्या टेबलावर चढवलं, दिवा खाली ओढला, भिंग लावलं आणि त्याचे ओठ वर करून पाहू लागली. गबाळ्याने काही केलं नाही. फक्त तिच्या मनगटाला चाटत राहिला.

"अगं, इकडे ये! हे बघ. ही वरची मोठी दाढ आणि ही खालची. आपल्या दाढा कशा एकमेकींवर टेकतात, जात्यासारख्या? याच्या टेकतच नाहीत. एकमेकींच्या बाजूने सरकतात. कात्री आहे ही, कात्री! आणि सुळे बघ. या दातांना पाव देणं म्हणजे शिंप्याच्या कात्रीने लोणी कापणं." तिने भिंग काढलं. चेहरा उजळलेला. "इतकी वर्षं दात बघते मी. दातावरून खाणं कळायला हवं होतं की नको?"

दुसऱ्या दिवसापासून पाव बंद. आत्या खाटकाकडे गेली आणि कच्चं मांस घेऊन आली.

पहिला तुकडा गबाळ्यासमोर ठेवला तेव्हा आम्ही दोघी बाजूला उभ्या राहिलो, आता याच्यातला पूर्वज जागा होणार म्हणून. गबाळ्याने वास घेतला. चाटलं. मग तो तुकडा अलगद तोंडात धरला, स्वयंपाकघरात नेला, शेगडीसमोर ठेवला आणि आमच्याकडे बघत बसला. अजून व्हायचंय हे, असं त्याचं म्हणणं असावं.

दुसरा तुकडा गायब झाला. आत्या खूश. "खाल्ला बघ!" पुढे कामाच्या खोलीत वास सुटला, तेव्हा शोधाशोध झाली आणि प्लास्टरच्या उघड्या पोत्यात एक पांढरा धोंडा सापडला. पठ्ठ्याने मांस त्या भुकटीत पुरून ठेवलं होतं. मांसाच्या ओलाव्याने भोवतीचं प्लास्टर घट्ट झालेलं. दुसरं कुणी असतं तर नाक दाबून तो धोंडा बाहेर फेकला असता. आत्याने हातोडीने तो नीट दोन भागांत फोडला, आतली घाण काढून टाकली आणि कवच धुऊन दिव्याखाली धरलं.

"किती सुंदर ठसा आलाय! हे बघ, त्याने तोंडात धरला तेव्हाच्या दातांच्या खुणा. एवढा हलका दाब? याने चावलंच नाहीये. नुसता सांभाळून आणलाय."

तरी ती हटली नाही. पोत्याला झाकण आलं, मांसाचे तुकडे लहान झाले, आणि हळूहळू गबाळ्याला त्याची चव लागली. मग तर ताटली वाजली की जिना दणाणायचा. त्याचं पोट उतरलं. अंगावर तकाकी आली. खाजवणं कमी झालं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की ते थांबलंच आहे. आत्या हवेत होती. कवळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गबाळ्याचे दात दाखवायची. जाकीटवाल्यांशी तिचं आता चांगलंच जमलं होतं. त्यांच्याच सांगण्यावरून एका रविवारी तिने मोठं, जाडजूड मांडीचं हाड आणलं.

दुपारची जेवणं झाली होती. मी वर्तमानपत्र वाचत होते, आत्या खुर्चीत पेंगत होती, गबाळ्या खिडकीखाली हाडाशी झटापट करत होता. अचानक काडकन आवाज आला. मला वाटलं हाड फुटलं. आत्या मात्र ताडकन उठली. तिला तो आवाज ओळखीचा होता.

गबाळ्या हाड सोडून उभा होता. केकाटला नाही, रडला नाही. नुसता जिभेने गालाच्या आत काहीतरी पुन्हा पुन्हा चाचपत होता. फरशीवर कपाच्या टवक्यासारखी एक पांढरी चकती पडली होती. आत्याने त्याचं तोंड उघडलं. ती कात्री, तिची लाडकी वरची मोठी दाढ, उभी चिरली होती आणि मधोमध लाल ठिपका दिसत होता.

"नस उघडी पडली," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "फार दुखत असणार याला. फार."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्याबरोबर आम्ही तिथे. बाई माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दाढ पाहिली आणि म्हणाल्या, "काढावी लागेल."

"दाढेवर टोपी बसवता येणार नाही?" आत्याने विचारलं. "मी करून देते. माझा धंदाच आहे. तुम्ही फक्त ठसा घ्या."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. हसल्या नाहीत, त्यामुळे त्या मला तेव्हाच आवडल्या. "वर चिरली असती तर नक्की विचार केला असता. कामाच्या कुत्र्यांना बसवतात कधीकधी. पण ही भेग हिरडीच्या खाली गेली आहे. मुळालाच धरलंय."

आत्याने मान हलवली. हे तिला कळत होतं. मुळाला लागलेलं वरून झाकून चालत नाही, हे ती स्वतः किती दंतवैद्यांना फोनवर सांगत असते.

दाढ काढून झाली. गबाळ्या भुलीतून जागा होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. डॉक्टरीणबाई हात पुसत आल्या. त्या रागावून काहीतरी ऐकवतील याची आत्या वाटच बघत होती. त्यांनी विचारलं, "काय खायला घालता?"

आत्याने सगळं सांगितलं. बेकरी, जाकीटवाले, कात्री, मांस, तकाकी. शेवटी म्हणाली, "जंगलात खातात तसंच दिलं हो मी. मग तुटली कशी? लांडग्यांच्या तुटत नाहीत ना?"

"तुटतात की."

"काय सांगता!"

"भरपूर तुटतात. आणि तुम्ही जंगल कुठे दिलंत? खाटकाच्या दुकानाचा एक कोपरा दिलात. लांडगा अख्खं जनावर खातो. काळीज, रक्त, कातडी, बारीक हाडं. वर मिळाली तर फळंही खातो. आणि शिकार नाही मिळाली तर कित्येक दिवस उपाशी राहतो. तेही करणार का?"

आत्याने नकारार्थी मान हलवली.

"नुसत्या मांसावर ठेवलंत तर याची हाडं हळूहळू ठिसूळ होतील. कच्च्या मांसातले जंतू याला पचतीलही, पण तुम्ही त्याच हाताने जेवता, आणि हा तुमचं तोंड चाटतो. शिवाय पिष्टमय अन्न पचवायची ताकद कुत्र्यांत लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. माणसांबरोबर राहून आलेली आहे ती."

"पण याची खाज गेली!" आत्या जवळजवळ ओरडली. "ती कशी गेली मग?"

"मांस सुरू केल्याने गेली, की केक बंद केल्याने?"

आत्या काय काय बदललं ते बोटांवर मोजू लागली.

"की वजन उतरल्याने? की तुम्ही अंघोळी घालता म्हणून?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलाही सांगता येणार नाही. तुम्ही सगळंच एकदम बदललंत ना."

घरी येताना रिक्षात गबाळ्या माझ्या मांडीवर, आत्या शेजारी. मला वाटलं ती खचली असेल. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई बरोबर बोलली. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कवळी कुठे टोचते ते कधी कळायचंच नाही. एक जागा घासायची, घालून बघायची. मग दुसरी."

आणि तिने तसंच केलं. आधी मांस तेच, फक्त शिजवून. गबाळ्याला काडीचाही फरक पडला नाही. उलट ताटली शेगडीवरून येते म्हटल्यावर त्याला जरा बरंच वाटलं असावं. खाज आली नाही. मग त्यात थोडा भात आणि उकडलेला भोपळा. खाज आली नाही. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली हाडांसाठीची पूड. मग एक दिवस, मुद्दाम, केकचा एक तुकडा. मी म्हटलं, "आत्या, कशाला उगाच?" ती म्हणाली, "अगं, कळायला नको?" चार तुकडे गेले, आठवडा गेला, गबाळ्या पुन्हा कानामागे खाजवू लागला. आत्याने केक बंद केला. खाज थांबली. तिला इतका आनंद झाला की तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, एका कुत्र्यावरून सगळं ठरत नाही, पण या कुत्र्यापुरतं ठरलं असं समजा.

पण एक प्रश्न बाकीच होता. लांडग्यांच्या दाढा तुटतात? आत्याचा यावर विश्वासच बसेना. निसर्गाने बसवलेला दात आहे तो, म्हणायची. मी बसवलेला तुटला तर समजू शकते. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ संग्रहालयात प्राण्यांच्या कवट्या सांभाळायचे. मी सुटी काढली आणि आम्ही गेलो.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला कपाटंच कपाटं असलेली थंड खोली होती. कवट्यांचे ते गृहस्थ बारीक, वाकलेले. फारसं कुणी येत नसल्यामुळे त्यांना बोलायला शब्द सापडायला वेळ लागत होता. आत्याने सवयीप्रमाणे त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते अवघडले नाहीत. मला वाटतं, आयुष्यभर तेही तेच करत आले होते.

त्यांनी एक खण ओढला. आत कापसावर लांडग्याच्या कवट्या ओळीने ठेवलेल्या. "हातात घेतलं तर चालेल?" आत्याने विचारलं आणि होकार यायच्या आत हातात घेतलीही.

पहिल्या कवटीचे दात कसे, तर दुकानात मांडावेत असे. पांढरे, धारदार, एकही टवका नाही. आत्या विजयाने माझ्याकडे वळली.

"हा तरुण होता," गृहस्थ म्हणाले. "पहिल्याच हिवाळ्यात गेला. ही बघा आता."

दुसरी कवटी पिवळट होती. सुळे झिजून बोथट झालेले. पुढचे काही दात नव्हतेच. आणि डावीकडची वरची मोठी दाढ अर्धी तुटलेली. गबाळ्याची तुटली होती तीच.

आत्या खिडकीजवळ गेली. भिंतीला पाठ लावून आम्ही दोघं उभे राहिलो, ते गृहस्थ आणि मी, कारण तिला उजेड हवा होता आणि आम्ही वाटेत येत होतो. तिने कवटी उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाली, "तुटलेली कड गुळगुळीत आहे हिची. म्हणजे तुटल्यानंतरही ही खात होती. पुष्कळ दिवस. आणि इथला दात पडून खड्डा भरून आलाय. हाड भरलंय पूर्ण."

"हो. म्हातारी मादी होती ती."

"म्हणजे ज्याचे दात चांगले तो लवकर गेला, आणि हिचे तुटले तरी ही म्हातारी झाली?"

गृहस्थ पहिल्यांदाच हसले. "दात झिजायला आधी जगावं लागतं."

"पण हिला खायला कोण देत होतं? असल्या तोंडाने शिकार कशी करणार?"

"कळपातल्या बाकीच्यांनी केलेल्या शिकारीतलं मिळत असेल. मऊ भाग. नक्की माहीत नाही आम्हाला."

'नक्की माहीत नाही' हे ऐकून आत्याला फार बरं वाटल्याचं मी पाहिलं. ज्या माणसाला सगळं माहीत असतं त्याच्याशी तिचं पटत नाही.

मग तिने गबाळ्याचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं. गृहस्थांनी कवटी तिच्याच हातात राहू देऊन बोटाने मागे, अगदी आतल्या बाजूला दाखवलं. "कात्री खरी. पण तिच्यामागे या दाढा बघितल्यात का?"

कात्रीच्या मागे दोन बुटक्या, सपाट दाढा होत्या. दळायच्या. जात्यासारख्या.

"या लांडग्यालाही आहेत?" आत्याचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"लांडग्यालाही आहेत. मांजरीला बघा, जवळजवळ नाहीतच. ती खरी कात्रीवाली. लांडग्याने थोडी सोय ठेवलेली आहे, काहीही मिळालं तरी चालावं म्हणून. कुत्रा तर त्याच्याही पुढे गेला."

"मी गबाळ्याचं तोंड भिंग लावून पाहिलं होतं," आत्या मला म्हणाली. "या मला दिसल्याच नाहीत. मी कात्री शोधत होते ना, कात्रीच दिसली."

गृहस्थ आता मोकळे झाले होते. ते म्हणाले, "लोक विचारतात, कुत्र्याचा पूर्वज काय खायचा. मी म्हणतो, कुठला पूर्वज? लांडगा पूर्वज आहेच. पण त्यानंतर हजारो वर्षं माणसांच्या वस्तीशेजारी उष्टं-खरकटं खाऊन जगलेले कुत्रेही त्याचे पूर्वजच आहेत. त्यांना का मोजायचं नाही?"

"म्हणजे याचे पणजोबाही कुठल्या तरी भट्टीशेजारीच बसलेले होते," आत्या म्हणाली.

"शक्य आहे."

हे सगळं जाकीटवाल्यांना सांगितल्याशिवाय आत्याला राहवणार नव्हतंच. बागेत तिने सुरुवात केली, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग राणीला पुढे ओढून म्हणाले, "तुमच्या कवट्या राहू द्या. हिचे दात बघा."

आत्या गुडघ्यावर बसली आणि राणीचं तोंड उघडून नीट पाहिलं. उठून म्हणाली, "सुंदर आहेत. खोटं कशाला बोलू? एक डाग नाही."

"मग?"

"मग मला कळत नाही," आत्या म्हणाली. "गबाळ्याची तुटली, हिची नाही. तुम्ही काळीज, बारीक हाडं, सगळं घालता, मी नुसतं मांस घातलं. की हिचा जबडाच मोठा आहे? की अजून तुटायची आहे? एक विचारू, रागावणार नाही ना? तुम्ही स्वतः काय खाता? तुमच्या पूर्वजांचं की..."

जाकीटवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चहात बुडवून बिस्किट. दुसरं चावतच नाही मला."

"उद्या या माझ्याकडे. मी बघते."

त्यांची नवी कवळी आत्यानेच केली, त्यांच्या दंतवैद्याशी बोलून. मतं त्यांनी बदलली नाहीत. राणी आजही कच्चंच खाते आणि राणीसारखीच चालते. फक्त मांडीची जाड हाडं त्यांनी बंद केली. तेही का, तर म्हणे त्यांना तसाही त्या आवाजाचा त्रास व्हायचा. दोघांचे वाद अजून चालतात. एकदा तळ्याकाठी बदकांना टाकलेला शिळा पाव मटामट खाताना आत्याने राणीला पाहिलं आणि ओरडून त्यांना दाखवलं. जाकीटवाले म्हणाले, "गंमत म्हणून खाते ती."

गबाळ्या आता म्हातारा झाला आहे. शिजवलेलं मांस, भात, भोपळा, पूड यावर त्याचं बरं चाललंय. जिना चढतो, पण मनात आलं तर.

खरा बदल झाला तो आत्यात. त्या दिवशी संग्रहालयातून निघताना ती दारातून परत फिरली होती. कवट्यांच्या गृहस्थांना म्हणाली, "शाळेची मुलं येतात ना इथे? त्यांना हात लावू देत नाही ना तुम्ही?"

"कसं देणार? फुटतील."

"मग मी प्लास्टरच्या करून दिल्या तर? हुबेहूब. दातांसकट. फुटली एखादी तर दुसरी करू."

गृहस्थांनी वरच्यांना विचारायला बरेच महिने लावले, पण शेवटी परवानगी आली. आधी ती म्हातारी लांडगीण आली, मग मांजर, मग एक कोल्हा. एकेक कवटी कापसात गुंडाळून आमच्या घरी येते, आत्या ठसे घेते, ओतते, रंग देते. टेबलाच्या एका टोकाला माणसांच्या कवळ्या, दुसऱ्या टोकाला ही मंडळी. कवळी न्यायला आलेल्या एका वकीलबाईंनी चुकून कोल्ह्याकडे बोट दाखवून "हीच का माझी?" असं विचारलं होतं. आत्या त्यांना सोडायला दारापर्यंत गेली आणि परत येऊन हसत हसत खुर्चीत कोसळली.

मुलांसमोर बोलायला मात्र ती आधी तयार नव्हती. गृहस्थांनी खूप गळ घातली तेव्हा गेली. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिने पहिल्याच मुलीला विचारलं, "तुझा दात पडलाय का गं? आ कर बघू," आणि पुढचा सगळा वेळ वर्गातली मुलं आ करून एकमेकांच्या दाढा मोजत होती. शिक्षिका म्हणाल्या, इतका आरडाओरडा यांनी शाळेतही कधी केला नव्हता.

गेल्या मंगळवारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. फोन थरथरला. आत्या कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून घाबरून बाहेर आले.

"काय झालं? गबाळ्या बरा आहे ना?"

"त्याला काय झालंय, झोपलाय. अगं, अस्वल आलंय! त्याच्या दाढा बघायला हव्यास तू. सुळे केवढाले, आणि मागे दाढा साफ सपाट, माझ्या पेशंटच्या असतात तशा. कात्रीच नाही म्हटलं तरी चालेल! मी त्या गृहस्थांना विचारलं, तर म्हणतात हा मांसाहाऱ्यांच्याच घराण्यातला. मग याने कात्री टाकून का दिली? मुळ्या, फळं, मध, मासे, हे सगळं खायला कधी लागला असेल? आधी खाणं बदललं असेल की आधी दाढा?"

"आत्या, मी मीटिंगमध्ये आहे गं."

"हो हो, जा. पण येताना जरा विचार करून ये."